काठ राखण्याचे शास्त्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या पंचक्रोशीतील मुलांना गणित आणि विज्ञान शिकवले. त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात हिशेबाला जागा असावी आणि तो हिशेब गावाच्या उपयोगी पडावा, या विचाराने मी आजचा विषय निवडला आहे. समुद्राचा किनारा आणि नदीचा काठ यांची धूप रोखण्यासाठी एकमेकांत गुंतणारे काँक्रीटचे ठोकळे वापरतात. ते कसे काम करतात, कोठे उपयोगी पडतात आणि कोठे निरुपयोगी ठरतात, याचा विचार आपण करणार आहोत. पाळी हे मांडवीच्या खोऱ्यातील गाव. समुद्र येथून दूर असला, तरी त्याची भरती मांडवीतून कित्येक कोस आत येते. पेडण्यात तेरेखोलचा काठ ढासळतो, डिचोलीत खाजनांचे बांध फुटतात आणि दर पावसाळ्यानंतर ‘येथे भिंत घाला’ अशी मागणी ग्रामसभेत उभी राहते. ती मागणी करण्यापूर्वी आपल्याला काय ठाऊक असावे, हा माझ्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम धूप म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. वाळूचा किनारा ही स्थिर वस्तू नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात उंच लाटा वाळू ओढून नेतात आणि ती थोड्या खोल पाण्यात दांड्याच्या रूपाने साठवतात. ऑक्टोबरनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पावसाळ्यात रोडावलेली पुळण उन्हाळ्यात पुन्हा भरते, ती यामुळे. हा वार्षिक व्यवहार आहे आणि त्यात तोटा नाही. तोटा होतो तो ही वाळू परत येण्याची वाट कोणी अडवली, किंवा नदीतून किनाऱ्याला मिळणारी नवी वाळू कोणी मध्येच उचलली, म्हणजे. नदीकाठाचेही तसेच आहे. प्रवाह वळणाच्या बाहेरच्या बाजूने माती कापतो आणि आतल्या बाजूस ती टाकतो. एका काठाने दिले, दुसऱ्याने घेतले, असा हा जमाखर्च चालतो. म्हणून कोठेही जमीन खचताना दिसली, की पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही ऋतूची उलाढाल आहे, की मुद्दलच कमी होत आहे? पहिल्या प्रकारात थोडा धीर धरणे हाच उपाय असतो. दुसऱ्या प्रकारात मुद्दल कोठे गेले, हे शोधल्यावाचून केलेला खर्च वाया जातो.

काठ राखण्याचा सर्वांत जुना उपाय दगडाचा. आपल्याकडे बागायतीभोवती जो गडगा असतो, तो आठवा. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडात दगड अडकवून तो उभा राहतो आणि पावसाचे पाणी त्याच्या फटींतून निघून जाते. पाणी अडत नाही, म्हणून त्याचा दाब साचत नाही आणि म्हणूनच गडगा वर्षानुवर्षे टिकतो. शेजारची सिमेंटची भिंत मात्र, पाणी जाण्यास भोके ठेवली नसतील, तर एखाद्या पावसाळ्यात पोट काढते आणि कोसळते. एकमेकांत गुंतणे आणि पाण्याला वाट देणे हे गडग्याचे दोन गुण लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहे, ते याच दोन गुणांचे शास्त्र आहे.

समुद्राच्या लाटेपुढे साधा दगड टिकवायचा, तर तो किती वजनाचा असावा? १९५० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट हडसन या अभियंत्याने प्रयोगांती एक सूत्र मांडले. त्यातील मुख्य गोष्ट शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. दगडाचे आवश्यक वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट उंच झाली, तर दगड दुप्पट नव्हे, आठपट वजनाचा लागतो. तिप्पट उंच लाटेला सत्तावीसपट. दीड मीटरच्या लाटेला पुरेसा ठरलेला दगड तीन मीटरच्या लाटेत खड्यासारखा का उडतो, याचे उत्तर या घनात आहे.

याच सूत्रात दगडाच्या घनतेलाही मोठे स्थान आहे. आपला जांभा पाण्याच्या सुमारे दुप्पट जड. काळा दगड सुमारे पावणेतीनपट जड. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु पाण्यात बुडालेल्या दगडाचे वजन त्याने सारलेल्या पाण्याइतके घटते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. त्यामुळे लाटेशी झुंजायला उरते ते पाण्याहून जास्त असलेले वजन, आणि सूत्रात त्याचाही घन येतो. या आकड्यांनी हिशेब केला, तर त्याच लाटेपुढे जांभ्याचा खडक काळ्या दगडाच्या सुमारे चौपट वजनाचा लागतो. शिवाय जांभा झिजतोही लवकर. घरबांधणीला उत्तम असलेला आपला चिरा समुद्राच्या तोंडाशी दुबळा ठरतो, तो यामुळे.

दहा, वीस टनांचे काळे दगड खाणीतून अखंड काढणे आणि किनाऱ्यापर्यंत नेणे सर्वत्र शक्य नसते. या अडचणीतून काँक्रीटचा ठोकळा पुढे आला. प्रारंभी तो चौकोनी होता. घन आकाराचे ठोकळे एकमेकांवर घसरतात किंवा फरशीसारखे चिकटून बसतात. पृष्ठभाग गुळगुळीत झाला, की लाट त्यावरून वर चढते. १९५० साली फ्रान्समधील ग्रनोबल येथील जलविज्ञान प्रयोगशाळेत यावर निराळा विचार झाला. पिएर दानेल आणि त्यांचे सहकारी यांनी चार जाड पायांचा एक आकार तयार केला. चतुष्फलकाच्या मध्यातून त्याच्या चारही कोनांकडे चार पाय निघावेत, असा तो आकार. त्याला टेट्रापॉड, म्हणजे चतुष्पाद, असे नाव मिळाले. मोरोक्कोतील कासाब्लांका येथील औष्णिक वीजकेंद्राच्या समुद्राकडील बांधकामासाठी तो प्रथम वापरला गेला आणि तेथून जगभर पसरला.

हा आकार पाहिला, की आपल्या रानातील सराट्याची आठवण होते. सराटा कसाही पडला, तरी त्याचा एक काटा वर राहतो. टेट्रापॉडही कसाही टाका, तीन पाय खाली आणि एक वर. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही आणि तीन दगडांच्या चुलीवर भांडे स्थिर बसते, हे आपल्या घरातील ज्ञान येथेही लागू पडते. एकाचा पाय दुसऱ्याच्या खांद्यात शिरतो आणि ढीग स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. अशा दोन थरांच्या कवचात जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. लाट आदळते, पाणी त्या पोकळ्यांत शिरते, शेकडो वाटांनी फुटते, स्वतःशीच झगडते आणि त्यातच तिचा जोर संपतो. सपाट भिंत लाटेला तशीच परत फेकते. परतणारी लाट भिंतीच्या पायाची वाळू उकरते आणि काही वर्षांनी भिंत पुढे झुकते. चतुष्पादांचे कवच लाट परत न फेकता जिरवते, हा त्याचा खरा गुण होय.

हडसनच्या सूत्रात या गुंतण्याच्या गुणासाठी एक अंक असतो. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांपुढे ओबडधोबड दगडांसाठी तो २ च्या आसपास घेतात, टेट्रापॉडसाठी ७. अंक जितका मोठा, तितके वजन कमी पुरते. काँक्रीट काळ्या दगडाहून हलके असल्यामुळे प्रत्यक्षातील बचत त्या मानाने कमी होते. तरीही निम्म्या वजनात काम भागते. निम्मे वजन म्हणजे लहान यारी, कमी सिमेंट आणि कमी खर्च.

पुढे याच वंशात अनेक आकार जन्मले. १९६३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात ‘डोलॉस’ आला. जनावरांच्या सांध्यांच्या हाडांनी मुले जो खेळ खेळत, त्यावरून त्याचे नाव पडले. त्याचा अंक १५ च्याही पुढे गेला. इतक्या कमी वजनात इतके बळ मिळते म्हटल्यावर अभियंत्यांचा उत्साह वाढणे स्वाभाविक होते. पोर्तुगालमधील सिनेस बंदराच्या लाटारोधक बांधाला ४२ टनांचे डोलॉस वापरण्यात आले. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यांचे सडपातळ पाय मोडले आणि कवचाचा मोठा भाग समुद्राने गिळला. त्या अपघाताने एक गोष्ट पुढे आली. प्रयोगशाळेतील छोट्या प्रतिकृतीत लाट व वजन प्रमाणशीर लहान केलेले असतात, पण काँक्रीटचे बळ त्या प्रमाणात लहान केलेले नसते. त्यामुळे लहान डोलॉस हलतो, मोडत नाही. मोठा डोलॉस हलला, की मोडतो. पाय मोडला, की गुंतणे संपले आणि गुंतणे संपले, की उरतो तो फक्त हलका ठोकळा. यानंतर आखूड व जाड अवयवांचे आकार आले. १९८१ मधील फ्रान्सचा ‘अ‍ॅक्रोपोड’ हा त्यांपैकी एक. आपल्या देशात अशा प्रतिकृतींचे प्रयोग पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होतात. ही संस्था १९१६ साली सुरू झाली. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे आपल्या अंगणात आहे. म्हणजे विचारायला जाणकार नाहीत, अशी सबब आपल्याला सांगता येणार नाही.

मराठी माणसाने टेट्रापॉड पाहिलेला असतो तो बहुधा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर. फिरायला येणारे लोक त्यांना शोभेचे दगड समजतात. २०२२ मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांतील काही हलवले गेले, तेव्हा भरतीच्या वेळी इमारतींना हादरे बसत असल्याची तक्रार जवळच्या रहिवाशांनी केली आणि टेट्रापॉड पुन्हा जागेवर ठेवण्याचे काम हाती घेतले गेले. रत्नागिरीजवळ मिऱ्या-पंधरामाडच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यालाही हेच कवच आहे. या ठिकाणी मागे दाट वस्ती किंवा रस्ता आहे आणि मागे सरकायला जागा नाही. अशा जागी काँक्रीटचे कवच घालणे समजण्यासारखे आहे.

परंतु या कवचाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केरळात कोचीजवळ चेल्लानम हे मच्छीमारांचे गाव आहे. दर पावसाळ्यात समुद्र घरांत शिरत असे. तेथे सुमारे ७ किलोमीटर लांबीची टेट्रापॉडची भिंत उभारण्यात आली आणि २०२३ च्या सुमारास त्या भागातील लोकांना प्रथमच कोरडा पावसाळा अनुभवायला मिळाला. भिंत जेथे संपली, तिच्या उत्तरेकडील वस्त्यांत मात्र समुद्राचा मारा चालूच राहिला आणि आम्हालाही भिंत द्या, म्हणून तेथील लोक रस्त्यावर उतरले. याचे कारण गूढ नाही. किनाऱ्यालगत वाळू सतत एका दिशेने सरकत असते. एका ठिकाणची जमीन बांधून टाकली, की तिच्यातून पुढे जाणारी वाळू थांबते आणि भिंतीच्या टोकाशी लाटा वळून अधिक जोराने आत घुसतात. माझे अंगण राखले, की शेजाऱ्याच्या अंगणावर भार पडतो. म्हणून किनाऱ्याच्या संरक्षणाचा निर्णय एका वाड्याने किंवा एका उपाहारगृहाच्या मालकाने घेण्याचा नसतो. तो संपूर्ण पुळणीचा विचार करून घ्यावा लागतो.

आता समुद्राकडून नदीकडे वळू. नदीत लाटेपेक्षा प्रवाहाचा प्रश्न मोठा असतो, म्हणून तेथील हत्यारही निराळे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली बेट १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानंतर झपाट्याने झिजू लागले. तेथे ‘पॉर्क्युपाइन’, म्हणजे साळिंदर, नावाची रचना मोठ्या संख्येने वापरली गेली. लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीटचे सुमारे तीन मीटर लांबीचे सडपातळ खांब बोल्टांनी जोडून चतुष्फलकाचा सांगाडा करतात आणि असे सांगाडे रांगेने पात्रात ठेवतात. साळिंदर पाणी अडवत नाही. ते पाण्याला फक्त मंद करते. वेग कमी झाला, की पाण्यातील गाळ खाली बसतो, काठाशी थर साचतो आणि पुढे त्यावर गवत, झुडपे उगवतात. म्हणजे येथे काठ बांधते ती नदीच. माणूस फक्त तिला थोडे थांबायला लावतो.

मग आपल्या तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या नद्यांत साळिंदरे टाकावीत काय? या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली, गाळ. ब्रह्मपुत्रा अफाट गाळ वाहून आणते. आपल्या नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांचा गाळ मुख्यतः पावसाळ्यात येतो. गाळच नसेल, तर साळिंदर उपाशी राहील. दुसरी, खारे पाणी. भरतीचे पाणी आमच्या काठांना रोज दोनदा भिजवते. मिठाने काँक्रीटमधील सळई गंजते, फुगते आणि खांब फोडते. टेट्रापॉड बहुधा सळईशिवाय ओततात, तो यासाठीच. तिसरी, पात्राचा वापर. मासेमारीची जाळी, होड्या, गाद्या यांच्या मार्गात पाण्याखालचे सांगाडे धोक्याचे ठरतात.

याहूनही मूळचा एक प्रश्न आहे. पेडण्यात तेरेखोलच्या काठी उगवे, तांबोसे भागातील शेतकरी अनेक वर्षे सांगत आले आहेत, की नदीतून बेकायदा रेती उपसल्यामुळे त्यांच्या बागायती ढासळत आहेत आणि माड नदीत कोसळत आहेत. हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. या काठावर उद्या उत्तमातले उत्तम काँक्रीटचे कवच घातले आणि पात्रातील उपसा चालू राहिला, तर काय होईल? कवच तळाशी ज्या मातीवर उभे आहे, तीच निसटेल आणि एकेक ठोकळा खड्ड्यात लोळेल. पाया खणणारा आणि भिंत बांधणारा एकाच वेळी काम करू लागले, तर जय नेहमी खणणाऱ्याचा होतो. तेथे पहिला उपाय उपसा थांबवण्याचा. तो झाल्यावर दगड, काँक्रीट की झाडे, याचा विचार करावा.

डिचोली तालुक्यातील दुखणे थोडे वेगळे. मांडवीतून खनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या बार्जींची अखंड रांग आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. बार्ज गेली, की तिच्या मागची लाट काठावर आपटते. एका लाटेचे काही नाही, पण दिवसरात्र, वर्षानुवर्षे आपटणारी लाट मातीचा बांध पोखरते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननाला पुन्हा प्रारंभ झाला. खाणीवर कित्येक घरांची चूल चालते, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच बार्जींचा वेग काठाजवळ किती असावा आणि त्यांच्या लाटेने बिघडलेला बांध कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हावा, हे प्रश्न वाहतूक वाढण्यापूर्वी ठरले पाहिजेत.

हे बांध म्हणजे आपल्या पूर्वजांचे सर्वांत मोठे अभियांत्रिकी काम होय. गोव्यात खाजन जमिनींचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेते चिकण माती, पेंढा, बांबू आणि जांभ्याचे दगड यांनी घडवलेल्या बांधांनी राखली. मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. बाहेरच्या बाजूला तिवर-कांदळांची रांग लाटेचा पहिला मार झेलते. या रचनेत मातीइतकीच महत्त्वाची होती ती राखण. गांवकरी संस्था बांधावर माणसे नेमत. खेकड्याने पाडलेले भोक दिसले, की ते त्याच दिवशी बुजवले जाई. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ही न्यायाची गोष्ट झाली. पण बांधाची जबाबदारी गांवकरीकडून कुळांच्या संघटनांकडे जाताना अनेक ठिकाणी ती मधल्या मध्ये सांडली. बांध फुटला, खारे पाणी शिरले, कोरगुटीचे शेत पडीक झाले आणि मग आपण सरकारकडे काँक्रीट मागू लागलो.

काँक्रीटचे आकर्षण येथेच आहे. एकदा घातले, की पुन्हा पाहावे लागणार नाही, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. टेट्रापॉडचे ढीगही खचतात, त्यांचे पाय मोडतात, वादळानंतर त्यांची मोजणी करून भर घालावी लागते. राखण कोणत्याही उपायात टळत नाही. मातीच्या बांधाची राखण गावाला करता येते. वीस टनांच्या ठोकळ्याची राखण यारी आल्याशिवाय होत नाही, एवढाच फरक. नदीकाठाच्या मातीच्या बांधाला बहुतेक ठिकाणी दुरुस्त बांध, पायथ्याशी दगडाचा भरभक्कम थर आणि पुढे तिवरांची लागवड, हे पुरेसे ठरेल, असे माझे मत आहे. जेथे मागे शाळा, रस्ता, देऊळ वा वस्ती आहे आणि प्रवाह थेट अंगावर येतो, तेथे काँक्रीटचे कवच मागण्यास संकोच करू नये. समुद्रकिनाऱ्यावर शक्य तेथे वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील मर्यादवेल राखावी. या वेलीला आपल्या लोकांनी मर्यादवेल म्हटले, त्यात किनाऱ्याची हद्द ओळखण्याचे शहाणपण आहे.

तेव्हा ग्रामसभेत ठराव मांडताना चार प्रश्न विचारा. माती किंवा वाळू कोठे गेली? हा उपाय शेजारच्या काठाचे काय करील? पाया किती खोल आहे? आणि दहा वर्षांनी याची देखभाल कोण करणार, कोणत्या पैशाने? ज्या आराखड्यात या चारांची उत्तरे नाहीत, तो कितीही खर्चाचा असो, परत पाठवावा.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. नदीकाठापासून ठरावीक अंतरावर, जाणत्या माणसांच्या सोबतीने, काही खुंट्या रोवा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खुंटीपासून काठापर्यंतचे अंतर फितीने मोजा आणि शाळेच्या वहीत तारखेसह लिहा. पाण्याच्या अगदी जवळ एकट्याने जाऊ नका. पाच वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते कोणत्याही कार्यालयाच्या फाइलीत नसेल. काठ दर वर्षी किती सरकतो, हे गावाला आकड्यांत सांगता आले, तर गावाचे म्हणणे ऐकावेच लागते. तोंडी तक्रार विसरली जाते, मोजमाप विसरता येत नाही. गुरुजींच्या नावाने शाळेने ही वही सुरू केली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी समजेन.